प्रति: ४५ अंशांचा नियम

पोर्ट्रेट म्हणजे चेहऱ्याचा फोटो काढताना ‘लाइट ४५ अंश बाजूला आणि ४५ अंश वर ठेवा, काम झालं’ हे आधीच्या पोस्टमधलं सूत्र सुरुवातीला ठीक आहे, पण ते अंश कुठून मोजायचे हे कुणी लिहिलेलं नाही. ते कॅमेऱ्यापासून नाही, ज्याचा फोटो काढतोय त्याच्या नाकाच्या दिशेपासून मोजायचे. त्याने मान जराशी वळवली की लाइट जागचा न हलताही चेहऱ्यावरचा उजेड-सावलीचा पॅटर्न बदलतो, आणि नवशिके नेमके इथेच गोंधळतात. त्यापेक्षा नाकाची सावली बघा. लाइट समोर आणि उंच असेल तर ती सरळ खाली पडते: हा बटरफ्लाय पॅटर्न. लाइट हळूहळू बाजूला न्या. सावली तिरकी उतरली पण गालाच्या सावलीला टेकली नाही तर लूप; टेकली आणि डोळ्याखाली उजेडाचा त्रिकोण उरला की रेम्ब्रां. ९० अंशांवर स्प्लिट, म्हणजे अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात. शिकताना सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारं लाइटवरचं आवरण) काढून उघडा बल्बच वापरा, सावलीची कड स्पष्ट दिसते.

उंची मात्र डोळ्यांवरून ठरवा. बुबुळाच्या वरच्या भागात लाइटचं प्रतिबिंब दिसलंच पाहिजे. खोल डोळ्यांच्या माणसाला ४५ अंशांवर खोबणीत अंधार राहतो. तेव्हा पॉवर वाढवून उपयोग नाही, लाइट खाली आणा. अंतरही सांभाळा: १ मीटरवरच्या लाइटकडे माणूस ३० सेंटीमीटर झुकला तर चेहऱ्यावरचा उजेड साधारण १ स्टॉपने, म्हणजे दुप्पट वाढतो, आणि मग फोटोत कपाळ जळतं, म्हणजे पांढरंफटक पडतं.