बाजारात तुरी: फोल्डेबल आयफोन आणि विश्लेषकांच्या तारखा

तांबडीवायर (मूळ धागा)

दोन दिवस एक पोस्ट सगळीकडे फिरते आहे. तिचं म्हणणं असं: नामांकित विश्लेषकाने फोल्डेबल आयफोनवर शिक्कामोर्तब केलंय, आता नवा फोन घेणं म्हणजे पैसे पाण्यात, किंमत २,००० डॉलर, म्हणजे १,७०,००० रुपये, आणि बिजागरीचे भाग पुरवणाऱ्या कंपनीचे शेअर आजच उचला. चारही गोष्टी चूक आहेत आणि लोक त्यावर पैसे लावताहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

'शिक्कामोर्तब' हा शब्द आधी काढा. हाच फोन बँक ऑफ अमेरिकेच्या विश्लेषकाने मार्च २०१८ मध्ये २०२० साठी सांगितला होता. ॲपलच्या पुरवठादारांवर नजर ठेवणारे विश्लेषक मिंग-ची कुओ यांनी मे २०२१ मध्ये २०२३ साल दिलं, ८ इंची पडदा आणि दीड ते दोन कोटी नग अशा तपशिलासकट. एप्रिल २०२२ मध्ये तेच साल २०२५ वर गेलं. प्रत्येक वेळी बातमीचा सूर 'आता नक्की' असाच होता.

विश्लेषकाला दिसतो पुरवठादार. कोणी नमुने मागवले, कोणी यंत्रं घेतली, कुणाची ऑर्डर किती. ही माहिती पुष्कळदा खरी असते. पण त्यावरून फोन, महिना आणि किंमत सांगणं म्हणजे एका शितावरून अख्ख्या पंगतीचा मेनू सांगणं. एका फोनसाठी दोन-तीन रचना समांतर चालतात. मग चाचणीचे तीन टप्पे: पहिल्या, ईव्हीटीला थोडे नग निघतात, डीव्हीटीला पाडून-वाकवून-भिजवून बघतात, पीव्हीटीला खऱ्या लाइनवर जुळणी होते. ईव्हीटीसाठी मागवलेला भाग डीव्हीटीला रद्द होणं हा रोजचा कारभार आहे. पुरवठादाराच्या वहीत मात्र ऑर्डर नोंदलेली असते.

२०१३-१४ चं नीलमचं (काचेऐवजी पडद्याला वापरायच्या कृत्रिम स्फटिकाचं) प्रकरण आठवा. ॲपलने तो स्फटिक बनवणाऱ्या जीटी ॲडव्हान्स्डला ५७.८ कोटी डॉलर आगाऊ देण्याचा करार केला. ॲरिझोनात मेसाला भट्ट्या बसल्या. ही सगळी खरी माहिती होती. त्यावरून वर्षाला किती पडदे निघतील याची गणितं मांडली गेली आणि 'आयफोन ६ ला नीलमचा पडदा' ठरून गेलं. प्रत्यक्षात २६२ किलोचा एकसंध, बिनतड्याचा स्फटिक वाढवणं जमेना. तो वाढायला महिनाभर लागतो, आणि मध्येच वीज गेली की तो हातचा जातो. ९ सप्टेंबर २०१४ ला साध्या काचेचा आयफोन ६ आला, ६ ऑक्टोबरला जीटीने दिवाळखोरीचा अर्ज केला. भट्ट्या दिसल्या त्या खऱ्याच होत्या. त्यातून चांगला माल किती निघतोय ते बाहेरून दिसत नव्हतं.

ऑर्डर 'कपातीच्या' बातम्यांचंही तेच. समजा १ कोटी पडदे हवेत. दर शंभरातले ६० चांगले निघत असतील तर १ कोटी ६६ लाख ६७ हजार बनवायला घ्यावे लागतात. उतारा ८० वर गेला की १ कोटी २५ लाख पुरतात. मागणी एका नगानेही कमी झालेली नाही, आणि मथळा येतो 'ऑर्डरमध्ये २५ टक्के कपात'.

---

आकडेमोड

तुम्ही तुमच्या सोयीची उदाहरणं उचलली आहेत. आता गैरसोयीचं घ्या.

१२ नोव्हेंबर २०१८. फेस आयडीचे लेसर पुरवणाऱ्या ल्युमेंटमने तिमाहीच्या विक्रीचा अंदाज ४०.५ ते ४३ कोटी डॉलरवरून ३३.५ ते ३५.५ कोटींवर आणला. कारण दिलं की एका मोठ्या गिऱ्हाइकाने माल कमी मागितला. त्या वेळीही 'एका पुरवठादारावरून काही कळत नाही' म्हणणारे होतेच. २ जानेवारी २०१९ ला ॲपलचे त्या वेळचे प्रमुख टिम कुक यांनी पत्र काढून ॲपलच्या तिमाही विक्रीचा अंदाज ८९ ते ९३ अब्ज डॉलरवरून ८४ अब्जांवर आणला. ज्याने शीत चाचपलं त्याला सात आठवडे आधी कळलं.

आणि तारीख पुढे गेली म्हणून अंदाज खोटा ठरत नाही. कुओ यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये उपग्रहाशी जोडणीची गोष्ट सांगितली तेव्हा लोक हसले. ती आयफोन १३ मध्ये आली नाही, मान्य. १४ मध्ये आली, नोव्हेंबर २०२२ ला अमेरिका-कॅनडात सुरूही झाली. बाकी कोण इतकं आधी सांगत होतं?

---

तांबडीवायर

ल्युमेंटमने स्वतःच्या सहीने, शेअर बाजाराला, कायद्याच्या जबाबदारीखाली सांगितलं. ती कंपनीची घोषणा आहे, विश्लेषकाची कुजबुज नव्हे. या दोन गोष्टी एका तागडीत टाकू नका.

उपग्रहाचं म्हणाल तर ज्याने 'आयफोन १३ मध्ये येणार' वाचून १३ घेतला, त्याला १४ मध्ये आल्याचा काय उपयोग? शेअर घेणाऱ्याला एक वर्ष इकडेतिकडे चालतं, फोन घेणाऱ्याला नाही. विश्लेषकाची नोट गुंतवणूकदारासाठी लिहिलेली असते आणि वाचतो दुकानाच्या दारात उभा असलेला माणूस. माझा सगळा राग इथेच आहे.

---

सुटेभाग

धागाकर्त्याशी बराचसा सहमत, पण उताऱ्याचं गणित चुकीच्या जागी लावलंय. पॅनेलची, म्हणजे पडद्याची, ऑर्डर चांगल्या, तपासून पास झालेल्या नगांचीच असते. वाया गेलेला माल पॅनेल बनवणाऱ्याच्या खात्यात जातो. म्हणजे ६० चे ८० झाले तर ॲपलने पॅनेलवाल्याला दिलेली ऑर्डर १ कोटीच राहते. २५ टक्के घट दिसते ती एक पायरी मागे, पॅनेलवाला ज्यांच्याकडून फिल्म, रसायनं घेतो त्यांच्याकडे. म्हणून कपातीची बातमी वाचली की पहिला प्रश्न: हे कुठल्या पायरीवर पाहिलं?

दुसरा प्रश्न: कपात कशाच्या तुलनेत? आयफोनची जानेवारी-मार्च तिमाही दरवर्षी दिवाळीनंतरच्या बाजारासारखी उतरलेली असते. मागच्या तिमाहीशी तुलना केली तर दरवर्षी 'कपात'च दिसेल. तिसरा प्रश्न: नवा पुरवठादार आत आला का? आला तर जुन्याची ऑर्डर घटते, एकूण तेवढीच राहते. चौथा: गोदामात आधीचा माल किती पडून होता?

जानेवारी २०१३ मध्ये आयफोन ५ च्या पडद्यांची ऑर्डर निम्मी झाल्याची बातमी आली तेव्हा कुक यांनी २३ जानेवारीच्या गुंतवणूकदारांबरोबरच्या कॉलवर जवळपास हीच यादी वाचली होती: उतारा बदलतो, पुरवठादार अनेक असतात, सुरुवातीचा साठा वेगळा असतो.

---

तांबडीवायर

बरोबर आहे, चूक माझी. गणित मागच्या पायरीचं आहे. पण या बातम्या बऱ्याचदा त्याच मागच्या पायरीवरून येतात आणि मथळ्यात पायरी गायब असते, हे माझं म्हणणं तसंच उभं आहे.

---

आकडेमोड

कुक यांची साक्ष काढताय? ज्याच्या मालाबद्दल बातमी आहे त्याचीच साक्ष? जानेवारी २०१८ मध्ये निक्केई या जपानी वृत्तपत्राने आयफोन १० चं उत्पादन त्या तिमाहीत ४ कोटींवरून २ कोटींवर येणार असं दिलं. मे महिन्यात कुक म्हणाले की तिमाहीच्या प्रत्येक आठवड्यात तोच फोन सर्वांत जास्त खपला. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. पण 'आमच्या सगळ्या फोनांत जास्त' म्हणजे 'आम्ही ठरवलं होतं तेवढा' असं होत नाही. त्याच सुमारास त्या फोनचे पडदे पुरवणाऱ्या सॅमसंगने स्वतःच्या निकालात लवचीक पॅनेलची मागणी मंद असल्याचं लिहिलं होतं. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात. आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये ॲपलने नगांचे आकडे देणंच बंद केलं. कंपनी आकडे झाकणार असेल तर लोक पुरवठादाराच्या दारात जाणारच. दोष फक्त विश्लेषकाला का?

---

सुटेभाग

हा मुद्दा पटला. एकूण ५.२२ कोटी आयफोन त्या तिमाहीत विकले गेले, आदल्या वर्षीपेक्षा थोडे जास्तच. पण त्यातले आयफोन १० किती, ते कोणी सांगितलं नाही.

फोल्डेबलच्या तारखेबद्दल मात्र मला कुणाचंच पटत नाही. सॅमसंगचा गॅलॅक्सी फोल्ड तर रीतसर जाहीर झालेला होता. २० फेब्रुवारी २०१९ ला घोषणा, विक्री २६ एप्रिलला ठरलेली. परीक्षणासाठी दिलेल्या नगांत काहींनी वरचा थर साधी संरक्षक फिल्म समजून सोलला आणि पडदा गेला. काहींत बिजागरीच्या टोकाच्या फटीतून कचरा आत शिरून पडद्याखाली फुगवटा आला. दुरुस्ती काय केली बघा: तो थर कडेच्या चौकटीखाली नेला, म्हणजे नखाला धारच सापडू नये, बिजागरीच्या वरच्या-खालच्या टोकांना टोप्या बसवल्या, पडद्याखाली धातूचे जादा थर दिले, चौकट आणि बिजागरीतली फट कमी केली. फोन सप्टेंबरमध्ये आला. ज्याने तो बनवला त्यालाच दोन महिने आधी दिलेली तारीख पाळता आली नाही. बाहेरचा माणूस दोन वर्षं आधी तिमाही सांगतो, ती कशाच्या जोरावर?

---

निळीशाई

ते सगळं जाऊ द्या. १,७०,००० ची किंमत ऐकून लोक कंपनीला शिव्या घालताहेत. शिव्या सरकारला घाला. आयात शुल्क, त्यावर अधिभार, त्यावर १८ टक्के जीएसटी. अर्धा फोन करातच जातो.

---

बंदरावरून

अर्धा जात नाही. कृपया आकडे बघून बोला.

आयफोन १६, सप्टेंबर २०२४ ला आला तेव्हा: अमेरिकेत ७९९ डॉलर, विक्रीकर वेगळा. इथे ७९,९००, जीएसटी धरून. जीएसटी काढला की ६७,७१२. त्याला ७९९ ने भागा: डॉलरमागे ८४.७ रुपये. त्या वेळचा दर ८४ च्या आसपास होता. म्हणजे जादा जवळजवळ शून्य.

त्याच दिवशीचा १६ प्रो: ९९९ डॉलर, १,१९,९००. जीएसटी काढून १,०१,६१०. डॉलरमागे १०१.७ रुपये. एकच कंपनी, एकच दिवस, दोन दर. म्हणून त्या पोस्टमधला २,००० गुणिले ८५ हा हिशोब मुळातच मोडीत निघतो.

---

निळीशाई

मग मी तेच म्हणतोय! प्रोवरचा फरक म्हणजे आयात शुल्क.

---

बंदरावरून

शुल्क दुकानातल्या किमतीवर लागत नाही, आयातीच्या बिलातल्या किमतीवर लागतं. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क २० वरून १५ टक्क्यांवर आलं, अधिभार धरून २२ चं १६.५ झालं. ॲपलने १५ प्रो १,३४,९०० वरून १,२९,८०० ला आणला. ५,१०० कमी. साधा आयफोन १५ किती उतरला? ३०० रुपये. कारण साधा इथेच जुळवला जात होता, प्रो बाहेरून येत होता.

आता ५,१०० मधून जीएसटी काढा: ४,३२२. ही साडेपाच टक्क्यांची सवलत आहे आणि ती पूर्ण दिली असं धरलं तर आयातीचं मूल्य निघतं सुमारे ७८,६००. जीएसटीविना विक्री किंमत होती १,१४,३२२. जुन्या दराने २२ टक्के शुल्क म्हणजे १७,३०० रुपये. बाकी १८,४०० च्या आसपास उरतात. त्यात वाहतूक, वितरक, दुकानदार आणि कंपनीचा इथला नफा. तो भाग सरकारच्या माथी मारू नका.

---

निळीशाई

१७,३०० शुल्क आणि वर २०,५७८ जीएसटी, मिळून जवळपास ३८,००० कर. एवढा कर तुम्हाला किरकोळ वाटत असेल तर तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही. तुम्ही कंपनीला झोडायचं आधीच ठरवून आलात.

---

बंदरावरून

किरकोळ कुठे म्हटलं? १,३४,९०० मधले ३८,००० म्हणजे २८ टक्के. 'अर्धा' तुम्ही म्हणालात, मी नाही. वैयक्तिक होऊ नका.

---

निळीशाई

बरं, अर्धा नाही. तरी चौथ्या हिश्शापेक्षा जास्तच आहे, आणि ते लिहून ठेवा.

---

आकडेमोड

करांवरून इतकं पेटलाय तर किमतीचं उत्तर तरी काढू. २,००० डॉलर खरे धरले आणि साध्या १६ चा दर लावला तर २,००० गुणिले ८४.७, वर १८ टक्के: जवळपास २,००,०००. प्रोचा १०१.७ लावला तर २,४०,०००. १,७०,००० कुठल्याच रस्त्याने येत नाहीत. किमतीपुरतं धागाकर्ते बरोबर आहेत. तारखांबाबत मी अजूनही माझ्या मतावर आहे.

---

तांबडीवायर

चालेल. पण ते मधले ४०,००० बऱ्याच अंशी कशावर ठरतात बघा: जुळणी तमिळनाडू-कर्नाटकात होणार की चीनमध्ये. फिरत्या पोस्टमध्ये पडद्याचे इंच आहेत, बिजागरीवाल्याचं नाव आहे, शेअरचं लक्ष्य आहे. कारखान्याबद्दल एक ओळ नाही.