मदत हवी आहे: व्हीप मोडून मतदान केलं तर नगरसेवकपद जातं का?

नमस्कार मंडळी, माझी वहिनी आमच्या नगरपरिषदेत पहिल्यांदाच निवडून आलीये, पक्षाच्या चिन्हावर. आता कचरा डेपो आमच्याच वॉर्डात, अंगणवाडीच्या मागे आणायचा ठराव येतोय आणि पक्षाचा व्हीप आहे की बाजूनेच हात वर करायचा. काल आम्ही लग्नाला गेलो होतो तर गटनेत्याच्या माणसांनी व्हीपचा कागद दाराला फेव्हिकॉलने चिकटवला, वर पंचनाम्यासारखे फोटोपण काढले 😅 वहिनी म्हणते ज्या बायकांनी मतं दिली त्यांना नळावर तोंड कसं दाखवू?

मी वाचलं ते असं, की आमदार-खासदारांना राज्यघटनेचं दहावं परिशिष्ट म्हणजे पक्षांतरबंदी आहे (1985 चं), तसा नगरसेवकांना महाराष्ट्राचा वेगळा 1986 चा अनर्हतेचा (म्हणजे पद जाण्याचा) कायदा आहे, त्यात विरोधात मत दिलं काय किंवा तटस्थ राहिलं काय, दोन्ही सारखंच, फक्त पक्षाने आधी परवानगी दिली किंवा 15 दिवसात माफ केलं तर सुटका, आणि निकाल जिल्हाधिकारी देतात. पण 1992 च्या किहोटो होलोहान निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की व्हीपची ही सक्ती विश्वासमत किंवा पक्षाच्या मुख्य धोरणापुरतीच धरावी. मग कचऱ्याचा डेपो कुठल्या पक्षाचं धोरण हो?

तर हा मुद्दा नगरपरिषदेच्या केसमध्ये कोणी जिल्हाधिकाऱ्यांपुढे मांडलाय का? आणि दाराला चिकटवलेला व्हीप मिळाला असं धरतात का? गटनेत्याला आधी लेखी परवानगी मागून पोच घ्यावी म्हणतोय. सभा सोमवारी आहे, वकील मंडळींनी प्लीज सांगा.