सलाईन लावायला भाषा लागत नाही म्हणे

खानापूरकर :
काल येथे एका सद्गृहस्थांनी लिहिले की, परिचारिकेची नोंदणी करताना ती परीक्षा उत्तीर्ण झाली एवढेच पाहावे. तिची भाषा कोणती, गाव कोणते, ती स्त्री की पुरुष, याची चौकशी सुरू केली तर नोंदणी करणाऱ्या परिचर्या परिषदेचा आखाडा होईल, आणि "सलाईन लावायला भाषा लागत नाही". लागत नसेलही, परंतु ते कोणाला आणि का लावायचे, हे बहुतेक वेळा रुग्णच सांगतो. माझी आत्या मधुमेहासाठी बेळगावातील एका खासगी रुग्णालयात होती. सकाळची गोळी घरूनच घेऊन आल्याचे तिने परोपरीने सांगितले, बाहेरच्या राज्यातून नुकत्याच आलेल्या सिस्टरांनी मान हलवली आणि पुन्हा गोळी दिली. दुपारपर्यंत साखर इतकी उतरली की आत्या ओळख देईना. त्या सिस्टर आळशी नव्हत्या की अडाणीही नव्हत्या, आणि म्हणूनच हा प्रश्न एका व्यक्तीचा नसून नियमांचा आहे असे मी म्हणतो. कोणाचीही नोंदणी भाषेसाठी अडवू नये. मात्र नूतनीकरणासाठी निरंतर शिक्षणाचे जे तास भरावे लागतात, त्यांतील काही तास जिल्ह्यातील दुसऱ्या भाषेला द्यावेत, आणि पाळ्या लावताना प्रत्येक वॉर्डात मराठी व कन्नड दोन्ही समजणारे कोणीतरी असेल याची सक्ती असावी.

टिळकवाडीकर :
ते सद्गृहस्थ मीच. आत्याबाईंचे वाईट वाटले. पण गोळी देण्यापूर्वी साखर तपासली असती तर मराठी न येताही अनर्थ टळला असता. आपल्याकडे भाषेचा विषय निघाला की १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासूनचे सगळे गाठोडे सुटते. आज तुम्ही मराठीसाठी तास मागाल, उद्या बेंगळुरूहून उत्तर येईल की कन्नडची परीक्षा दिल्याशिवाय नोंदणीच नाही, आणि पहिला फटका खानापूर-निपाणीच्या मराठी शाळांतून आलेल्या मुलींनाच बसेल. शिवाय भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक आणि अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका हवी. जिथे रात्री एकटीवर अख्खा वॉर्ड असतो, तिथे तिला सात भाषा येऊनही ती कोणाचे ऐकून घेणार?

मिरजेला शिकलेल्या मुलीचा बाप :
भाषेचे राहू द्या. माझ्या मुलीला मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही येतात आणि तरीही ती घरी बसली होती, कारण तिने जीएनएम, म्हणजे परिचर्येची पदविका, महाराष्ट्रात केली. तिकडची नोंदणी इकडे कर्नाटकात चालत नाही; तिकडचे नाहरकत प्रमाणपत्र, इकडची पडताळणी, पुन्हा शुल्क. १९४७ चा परिचर्या परिषद कायदा साऱ्या देशासाठी होता, २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय आयोगाचा नवा कायदा केला. पण आमच्यासारख्यांना रोज ओलांडायची राज्याची सीमा कागदोपत्री तशीच उभी आहे. तुम्हाला हवी असलेली दुभाषी परिचारिका आमच्या ओसरीवर होती, साहेब!

निवृत्त मेट्रन :
आमच्या हाताखाली केरळच्या कितीतरी मुली आल्या आणि सहा महिन्यांत रुग्णांशी दोन्ही भाषांत भांडू लागल्या. भाषा वॉर्डात येते, तासिकेत नाही. मला खरी चिंता वेगळी आहे. विविधतेच्या नावाखाली आता पुरुषांची भरती वाढवा असे जो तो म्हणतो, पण खेड्यातल्या बायका पुरुषाकडून बेडपॅन घेत नाहीत, हे या मंडळींना कोण सांगणार?

निपाणीचा ब्रदर :
बाई, मीच सांगतो. त्याच खेड्यातल्या बाईची प्रसूती पुरुष डॉक्टरने केली तर घरचे त्याच्या पाया पडतात. संकोच पगार आणि पद पाहून होतो काय? आणि पुरुष वॉर्डात म्हाताऱ्यांना लघवीची नळी घालताना त्यांच्या लाजेची आठवण कोणाला होत नाही. एएनएम, म्हणजे सहायक परिचारिकेचा अभ्यासक्रम, आम्हा पुरुषांना बंद, लष्करी परिचर्या सेवा १९४३ च्या अध्यादेशापासून स्त्रियांचीच, आणि २०१९ मध्ये एम्सने परिचर्या अधिकाऱ्यांच्या ऐंशी टक्के जागा स्त्रियांसाठी ठरवल्या. चार वर्षे बीएस्सी नर्सिंग करून लोक मला अजूनही कंपाउंडर म्हणून हाक मारतात. दारू उतरताना हातपाय झाडणाऱ्या रुग्णाला धरायचे असले की मात्र सगळ्यांना ब्रदर आठवतात.

निवृत्त मेट्रन :
आवाज चढवू नका. वीस टक्क्यांत येऊनही तुम्ही लोक दोन वर्षांत अतिदक्षता विभागाचे इनचार्ज होता आणि आमच्या मुली केस पांढरे होईपर्यंत रात्रपाळ्या करतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. बाळंतपणाच्या खोलीबाहेर बसून विविधतेवर व्याख्यान देणे सोपे असते.

निपाणीचा ब्रदर :
खोलीबाहेर आम्ही हौसेने बसत नाही, तुम्हीच बसवता. इनचार्जपद ज्येष्ठतेने द्या, माझी हरकत नाही. फक्त मग पाळ्यांची वाटणीही "पुरुष आहे, रात्री चालेल" या न्यायाने करू नका.

टिळकवाडीकर :
मूळ प्रश्न पुरता वाहून गेला. तरी एक सांगतो : बैलहोंगलच्या कन्नड आजोबांना मराठी सिस्टर आणि आत्याबाईंना मल्याळी सिस्टर सारखीच निरुपयोगी, इतके मला मान्य आहे, आणि नूतनीकरणाच्या तासांना माझा विरोध नाही, नाहीतरी ते तास सध्या चहा-बिस्किटांच्या कार्यशाळांतच जातात. नोंदणीच्या अटीला मात्र विरोध कायम. परिषदेला निवेदन देणार असाल तर सही करीन, पण त्यात सीमाप्रश्नाचे एक अक्षर दिसले तर नाही.

खानापूरकर :
इतक्या उपकाराबद्दल आभारी आहे. कन्नडिगांसाठी मराठी आणि आमच्यासाठी कन्नड, असे दोन्ही बाजूंनी लिहितो, म्हणजे आपली लेखणी विटाळणार नाही. मिरजेच्या नोंदणीचा परिच्छेद मुलीच्या वडिलांनी लिहून द्यावा. पुरुष परिचारकांबद्दल काही घालायचे का, ते मेट्रनबाईंनी सांगावे.

निवृत्त मेट्रन :
घाला. पण त्याखाली इनचार्जपद ज्येष्ठतेनेच द्यावे असे स्पष्ट लिहा, आणि त्या निपाणीच्या मुलाची सही माझ्या आधी घ्या.