सीएनसीतल्या ‘एन’ला मराठीत काय म्हणायचं?

टाचणी: सीएनसी (कॉम्प्युटर न्यूमरिकल कंट्रोल), म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कापणाऱ्या यंत्राच्या माहितीपुस्तिकेचं भाषांतर करतेय. ‘न्यूमरिकल कंट्रोल’ला मी ‘अंकीय नियंत्रण’ लिहिलं. तपासनिसांनी ते खोडून ‘संख्यात्मक’ केलं, कारण म्हणे अंकीय म्हणजे डिजिटल. मला ‘संख्यात्मक’ वाचलं की पुढे ‘गुणात्मक’ कधी येतंय याची वाट बघावीशी वाटते. काय ठेवू?

हलन्त: तपासनीस बरोबर आहेत. अंक दहाच, ० ते ९. यंत्राला ‘एक्स ४२.५’ (एक्स दिशेला इतकं सरक) सांगतो ती संख्या.

जुना मशिनिस्ट: २८ वर्षं मशीनवर काढली. दोन्ही शब्द कधी कानावर पडले नाहीत. आम्ही झिरो घेतो, ऑफसेट टाकतो, जॉब (घडवायचा तुकडा) काढतो. सीएनसीला सीएनसीच म्हणतो.

हलन्त: उद्या ‘पाणी’लाही वॉटर म्हणाल.

जुना मशिनिस्ट: पाणी तुमच्या घरी आधीपासून होतं. हे यंत्र नव्हतं.

पूर्णविराम: भांडण्याआधी हे नाव कशावरून आलं ते बघू या. १९४०च्या दशकात अमेरिकेत जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवायचे. पात्याच्या वळणाचे १७ बिंदू पुरेनात, म्हणून त्यांनी आकडेमोडीच्या यंत्रावर २०० काढून घेतले. मग एक जण तक्त्यातले आकडे मोठ्याने वाचणार, दुसरा एक्सचं चाक फिरवणार, तिसरा वायचं. संगणक दूरच, नियंत्रणही माणसांच्या हातात! पुढे एमआयटी या अमेरिकी विद्यापीठात सर्वो मोटारी (सांगितलं तेवढंच नेमकं फिरणाऱ्या) जोडल्या आणि १९५२ मध्ये भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर मिलिंग मशीन चालवून दाखवलं. कॉम्प्युटरचा पहिला ‘सी’ नंतर चिकटला. म्हणून मी सुचवेन : ‘आकडेबरहुकूम’.

हलन्त: ‘बरहुकूम’ फारसी आहे.

पूर्णविराम: ‘तपासनीस’ कुठला, तेही बघा.

चरखा: भोकांनी यंत्र चालवणं १९५२चं कसलं? जकार्डचा माग १८०४चा आहे.

पूर्णविराम: मागातलं भोक एवढंच सांगतं की दोरा उचल किंवा राहू दे. इथे भोकांतून अंतर सांगितलं जातं, आणि जॉब ठेवलेलं टेबल तिथे पोचलं की नाही हे मोजून चूक सुधारली जाते. खरं ‘नियंत्रण’ ते. त्या पट्टीची खूण अजून टिकून आहे. प्रोग्रॅमच्या शेवटी एम३० लिहितात, त्याचा मूळ अर्थ संपव आणि पट्टी मागे गुंडाळ. पट्टी कधीच गेली.

जुना मशिनिस्ट: हे माहीत नव्हतं. रोज लिहितो.

टाचणी: सुंदर. पण अंकीय की संख्यात्मक?

चरखा: मागावरून आठवलं. लेथवर काम करणारा तो कातारी, आणि सूतही कातायचं. संस्कृतात ‘कृत्’ म्हणजे कापणं आणि ‘कृत्’ म्हणजेच सूत काढणं. तेव्हा मशीनिंगला ‘कातकाम’ म्हणावं. सापाची कातही इथलीच असणार.

जुना मशिनिस्ट: लेथपुरतं ठीक. तिथे जॉब फिरतो, टूल सरकतं. मिलिंगला टूल फिरतं. त्याला कातकाम म्हणालात तर शिकाऊ पोरगं चुकीच्या मशीनवर जाऊन उभं राहील.

हलन्त: सापाची कात ‘कृत्ति’पासून, म्हणजे कातडं. उगाच एका माळेत ओवू नका.

चरखा: आणि कृत्ति कुठून आली? कापूनच ना?

पूर्णविराम: मशीनखाली पडतो त्याहून जास्त कीस इथे पडलाय.

टाचणी: मंडळी, उद्या मजकूर द्यायचाय. निदान मिलिंगला तरी काही सांगा.

हलन्त: चरखा, ‘कातरणे’ही तुम्ही त्याच धातूत घालणार का?

चरखा: अर्थात. कात्रीही.