शब्दचर्चा : ‘व्हर्नाक्युलर’ला मराठीत काय म्हणायचं?

ओसरी

बाणेरच्या एका कंपनीत भाषांतराचं काम करते. आमच्या टीमचं नाव ‘व्हर्नॅक’. पूर्ण नाव ‘व्हर्नाक्युलर कंटेंट’, म्हणजे इथल्या भाषांतला मजकूर, पण एवढं लांब कोण म्हणत बसतंय. मराठी, तमिळ, बंगाली, गुजराती, कन्नड, सगळ्यांची एकच मोट. हिंदीची टीम वेगळी, तिचं बजेट वेगळं. इंग्रजीवाल्यांना असं काही नावच नाही. ते लिहितात ते नुसतं ‘कंटेंट’.

आता कंपनीच्या साइटचं मराठी पान होतंय आणि त्यावर प्रत्येक टीमचं नाव मराठीत हवंय. मी ‘प्रादेशिक भाषा विभाग’ असं लिहिलं आणि तिथंच अडले. पुण्यात बसून मराठीला प्रादेशिक म्हणायचं, तर देश कुठं सुरू होतो? लोणावळ्याच्या पुढं? आकाशवाणी पुण्याच्या सकाळच्या ‘प्रादेशिक बातम्या’ लहानपणापासून ऐकल्यात, तेव्हा हा शब्द कधी टोचला नव्हता. तिथं बातम्या प्रदेशाच्या असतात म्हणून असेल. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख निघाले. जर्मनीची लोकसंख्याही साधारण तेवढीच. पण रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकायला जाणारं कुणी ‘प्रादेशिक भाषा शिकतोय’ म्हणत नाही.

शिवाय ‘व्हर्नाक्युलर’ हा शब्द आमच्या घरात जुना आहे. आजोबा ‘व्हर्नाक्युलर फायनल’ झालेले. मराठी सातवीची ती परीक्षा. पास झालं की प्राथमिक शाळेत मास्तर होता यायचं. गावात त्यांना ‘फायनल झालेले’ म्हणून ओळखत, आणि त्या काळी ते काही थोडंथोडकं नव्हतं. मी कॉलेजात गेले तेव्हा मराठी शाळेतून आलेल्या आम्हा चौघींना वर्गात ‘व्हर्नी’ म्हणायचे. आजोबा ज्या शब्दावर मास्तर झाले त्याच शब्दानं मी मागच्या बाकावर गेले, आणि आता तोच शब्द मला पगार देतो.

तर, मराठीत याला काय म्हणावं?

खडीसाखर

‘देशी’. विषय संपला. ज्ञानेश्वरांनी गीतेवरच्या आपल्या टीकेला ‘देशीकार लेणें’ म्हटलंय. संस्कृतासमोर उभं राहून वापरलेला शब्द आहे, आणि त्यात कमीपणा तर नाहीच, उलट दागिना आहे.

ओसरी

संपला नाही हो. ‘देशी विभाग’ अशी पाटी लावली तर वर ‘सरकारमान्य’ लिहावं लागेल.

खडीसाखर

बरोबर. गाय देशी चालते, बाटली देशी निघाली की पंचाईत. मग ‘देशभाषा’ घ्या. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या व्हर्नाक्युलरला मराठीत देशी भाषा, देशी वर्तमानपत्रं असंच म्हणत.

अडचण एवढीच की तेव्हाचा ‘देश’ आजचा नव्हे. देश आणि कोकण म्हणतो त्यातला देश, देशस्थांतला देश, देशमुख-देशपांड्यांच्या वतनातला देश. हे सगळे घाटमाथ्यावरचे किंवा परगण्याएवढे. पुढं देश वाढत वाढत काश्मीर ते कन्याकुमारी झाला आणि आपल्या वाट्याला ‘प्र’ लागलेला देश उरला. आज ‘देशभाषा विभाग’ लिहिलंत तर लोक तिथं हिंदी शोधतील.

‘स्थानिक’ सुचवणार होतो, पण आपल्याकडे त्या शब्दाला नोकऱ्यांच्या आंदोलनांचा वास आहे. कंपनीला झेपणार नाही.

दप्तरदार

मराठी शब्द शोधण्याआधी मूळ शब्द नीट बघून घ्या. लॅटिनमध्ये ‘वेर्ना’ म्हणजे मालकाच्या घरातच जन्मलेला गुलाम. बाजारातून विकत आणलेला वेगळा, हा दासीच्या पोटी तिथंच झालेला. त्यावरून ‘वेर्नाकुलुस’, म्हणजे घरचा, इथलाच. रोमन लोकच पुढं तो शब्द नुसत्या ‘देशी’ अर्थानं वापरायला लागले आणि इंग्रजीनं तो तसाच उचलला.

याला मराठीत बऱ्यापैकी जवळचा शब्द आहे: ‘लेकावळा’. बटकीच्या, कुणबिणीच्या पोटचा. छटा थोडी निराळी. लेकावळ्याचा बाप बहुधा धनीच, वेर्नाचा असेलच असं नाही. पण जेवायला घरात, वाटणीत नाव नाही, ही गत दोघांची सारखीच.

तेव्हा ओसरीताई, तुमच्या पाटीवर शब्दशः ‘लेकावळे विभाग’ असं यायला हवं.

खडीसाखर

मुळावरून शब्दाला फासावर चढवायचं म्हटलं तर एकही शब्द जिवंत राहायचा नाही. ‘साहस’ घ्या. धर्मशास्त्रात साहस म्हणजे लूट, मारहाण, बळजबरी, दंड करायचा गुन्हा. आज आपण मुलांना साहस शिबिराला पैसे भरून पाठवतो. ‘दास’ घ्या, रामदास नावात कुणाला गुलामी दिसते का? तुमच्या मॅनेजरला वेर्ना ठाऊक नाही आणि ओसरीला व्हर्नी म्हणणाऱ्या पोरींनाही नव्हता.

दप्तरदार

मूळ सोडून देऊ. पण शब्द लावला कुणी नि कुणाला, ते तरी बघाल? १८७८ साली लॉर्ड लिटनच्या सरकारनं व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्ट केला. देशी भाषेतल्या छापखान्याकडून मॅजिस्ट्रेटनं हमीपत्र मागायचं, मजकूर खटकला तर यंत्रसामग्री जप्त करायची, आणि त्यावर कोर्टात दाद नाही. इंग्रजी पत्रांना यातलं काही लागू नव्हतं. म्हणून कलकत्त्याची ‘अमृत बाझार पत्रिका’, जी तोवर बंगालीतही निघायची, ती एकदम पूर्ण इंग्रजी झाली. मजकूर तोच ठेवून भाषा बदलली की कायद्याबाहेर! इथं व्हर्नाक्युलर हे भाषेचं वर्णन राहिलेलंच नाही. ज्या भाषेवर पहारा बसवायचा तिचं ते नाव आहे.

आपल्या पुण्यात लोकांनी हे लवकर ओळखलं. जानेवारी १८८१ मध्ये एकाच मंडळींनी दोन पत्रं काढली, मराठीत ‘केसरी’ आणि इंग्रजीत ‘मराठा’. आणि त्याच्या आदल्या वर्षी चिपळूणकर-टिळकांनी जी स्वदेशाभिमानी शाळा काढली तिचं नाव न्यू इंग्लिश स्कूल. यात मला ढोंग दिसत नाही. साहेबाच्या कानापर्यंत जायचं तर साहेबाची वाट धरावी लागते. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढं निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, मोडी आणि बाळबोध शिकवा, असं मागितलं. ते निवेदन इंग्रजीत आहे.

खडीसाखर

सावित्रीबाईंनी तर इंग्रजीला माउलीच म्हटलंय. पण ज्यांना मुळात इथल्या शाळेचं दारच बंद होतं त्यांनी इंग्रजीला माउली म्हणणं आणि बाणेरात इंग्रजीला नुसतं ‘कंटेंट’ म्हणणं या दोन गोष्टी एका मापानं मोजू नयेत.

मांजराकाठ

लातूरकडचा आहे. सध्या सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, स्पर्धा परीक्षेची तयारी. इथं पहिल्यांदाच लिहितोय.

व्हर्नाक्युलर म्हटल्यावर तुम्हाला टोचलं, टोचायलाच पाहिजे. मला मात्र तो शब्द अजून कुणी लावलेला नाही. मला ‘गावठी’ म्हणतात, आणि म्हणणारे मराठीतच म्हणतात.

पुण्याला आलो त्या महिन्यात मेसच्या बाहेर उभा राहून घरी फोनवर बोलत होतो, “उद्या यायलो, स्टँडवर या.” शेजारचा एकजण हसला. “येतोय म्हण की रे, यायलो काय?” वाईट पोरगा नव्हता, नंतर त्यानंच मला नोट्स दिल्या. पण तेव्हापासून मी घरी फोन करायचा असला की गल्लीच्या टोकाला जातो. आईच्या लक्षात आलंय. ती विचारती, मागं गाड्यांचा आवाज कामून येतो रोज?

आता गंमत बघा. मंडईत गावठी कोथिंबीर, गावठी लसूण, गावठी अंडी. चार पैसे जास्त पडतात आणि लोक विचारून विचारून घेतात, “गावठीच आहे ना?” तोच शब्द जिभेवर आला की भाव पडला.

दुसरं. आमच्याकडं निजामाचं राज्य होतं. आजोबांच्या शाळेत उर्दू, कचेरीत उर्दू. हैदराबादला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, आणि इंग्रजी सोडून आपल्याकडच्या भाषेत उच्च शिक्षण देणारं विद्यापीठ म्हणून त्याचं नाव झालं. म्हणजे इंग्रजीच्या पुढं उर्दू ही व्हर्नाक्युलर. पण आमच्या गावच्या लेकराला तीच सरकारी भाषा, तिच्या पुढं मराठी खाली. १७ सप्टेंबर १९४८ नंतर मराठी वर आली. ती वर आलेली मराठी पुस्तकात ‘मी येत आहे’ अशी होती. आजोबा म्हणायचे, आधी ‘आ रहा हूँ’ पाठ केलं, मग ‘येत आहे’ पाठ केलं, यायलो तसाच राहिला.

तर तुम्ही शब्द कोणताही घ्या. तो लावणारा कुठं उभा आहे त्यावर खालचा कोण ते ठरतं.

खडीसाखर

तुमचा मुद्दा पटला, मेसवालं वाचून वाईटही वाटलं. पण सगळ्यांना समजेल अशी एक प्रमाण भाषा लागतेच ना? तुमचा पेपर तपासणारा गडचिरोलीचा असेल, नाहीतर सावंतवाडीचा.

मांजराकाठ

प्रमाण असू द्या की. मी पेपरात ‘येत आहे’ असंच लिहितो, माझी काही तक्रार नाही. पण तिला ‘शुद्ध’ कामून म्हणायचं? प्रमाण म्हणजे माप. माप कुणीतरी कधीतरी ठरवलेलं असतं, उद्या बदलता येतं. शुद्ध म्हटलं की बाकीचे न बोलताच विटाळले.

दप्तरदार

ते माप ठरवण्यात साहेबाचा हात होता, हेही जाता जाता सांगतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला, दुसरी आवृत्ती १८५७ ला. त्याच्या कामात जे कँडी बंधू होते त्यांतले मेजर थॉमस कँडी पुढं पुण्यात संस्कृत पाठशाळेवर होते. सरकारी मराठी पुस्तकं त्यांच्या नजरेखालून जायची. आपली विरामचिन्हंसुद्धा त्यांच्यामुळं रुळली. शास्त्रीबुवा आणि मेजरसाहेब यांनी शेजारी बसून जी मराठी नीटनेटकी केली तिला आपण पेठेत ‘अस्सल’ म्हणतो. कामाची किंमत कमी करत नाही, माझं पोट त्यांच्याच कोशावर चाललंय. फक्त ती आभाळातून पडली नव्हती.

आणि इंग्रजांच्या घरी काय होतं? इंग्लंडच्या कोर्टाचे कागद १७३३ पर्यंत लॅटिनमध्ये असायचे. तोवर लॅटिनच्या पुढं इंग्रजीच व्हर्नाक्युलर होती.

ओसरी

हे मॅनेजरना सांगणार आहे!

मांजराकाठ, तुमचं वाचून मला माझंच आठवलं. व्हर्नी म्हणतात म्हणून कँटीनमध्ये आम्ही चौघी हळू बोलायचो. आणि त्याच वर्षी माझ्या रूमवर परभणीची मुलगी आली तेव्हा तिच्या ‘जायलो’ला मीही हसले होते. दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या आहेत हे आज लक्षात आलं.

आणखी एक शब्द मनात घोळतोय. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं मराठीला ‘अभिजात’ दर्जा दिला, तेव्हा आमच्या ऑफिसात पेढे वाटले होते. अभिजात म्हणजे?

दप्तरदार

चांगल्या कुळात जन्मलेला. त्यामागचा ‘क्लासिकल’सुद्धा तसाच, रोममध्ये सर्वांत वरच्या करदात्या वर्गातला तो ‘क्लासिकुस’. दोन्हीकडे भाषेची जात जन्मावरून लावलेली. दिल्लीत मराठी कुलीन, बाणेरात लेकावळा.

मांजराकाठ

आणि मेसवर गावठी.

खडीसाखर

मी ‘देशी’ मागे घेतो. ओसरी, सरळ ‘मराठी विभाग’ लिहा. जी भाषा आहे तिचं नाव घ्या. मोट बांधली की मोटेला नाव शोधावं लागतं.

ओसरी

मंगळवारी मीटिंग झाली. ‘मराठी विभाग’ हेच दिलं. तमिळवाली म्हणाली, मग माझा ‘तमिळ विभाग’. बंगाली, गुजराती, कन्नड, सगळ्यांनी आपापली नावं सांगितली. पाच मिनिटं फार छान गेली.

मॅनेजर घरचेच, नागपूरचे. त्यांना सगळं पटलं. १७३३ चं ऐकून तर खूश झाले. पण पानाच्या डिझाइनमध्ये चौकोन तीनच आहेत. पहिल्यात ‘कंटेंट’, दुसऱ्यात ‘हिंदी’, तिसऱ्यात आम्ही. तिसऱ्यात पाच नावं बसवली तर अक्षरं इतकी बारीक होतात की मोबाइलवर दिसत नाहीत. चौकोन वाढवायचे तर डिझाइन बंगलोरहून बदलून यायला हवं, आणि ते या तिमाहीत होणार नाही. तोवर म्हणून त्यांनी तिसऱ्या चौकोनात नुसतं ‘भाषा’ लिहिलंय.

खडीसाखर

म्हणजे पहिले दोन काय?

ओसरी

तमिळवालीनंही हेच विचारलं. तिचा प्रश्न मीटिंगच्या नोंदीत गेलाय, इंग्रजीत.