फुल थ्रॉटलला आरपीएम ४९०० च्या वर जातच नाही, १९ पिचचा पंखा बदलू का?

मांडव्याचा_शनिवार
मंडळी डोकं खाजवून दमलो म्हणून विचारतोय. १९ फुटी फायबरची ओपन बोट आहे, गेल्या दिवाळीत सेकंडहँड घेतली, मागे ११५ एचपी फोरस्ट्रोक आउटबोर्ड, गिअर रेशो २.१५, पंखा ॲल्युमिनियमचा तीन पात्यांचा, १९ पिच. मांडव्याच्या बाजूला मुरिंगला (पाण्यातच बांधून) असते, शनिवार-रविवार आम्ही चौघं जातो-येतो. आधीचा मालक शपथेवर सांगायचा की ३५ नॉट आरामात, मला जीपीएसवर आजवर २७ च्या वर दिसलेलं नाही आणि आरपीएम ४९०० ला अडकतो तो अडकतोच. सुरुवातीला नाक वर करून बराच वेळ रांगते, मग कुठे पाण्यावर चढते. मेकॅनिक म्हणतो २१ पिचचा स्टेनलेस घ्या, पिच जास्त तर स्पीड जास्त. किंमत ऐकली, घरात अजून सांगितलेली नाही. घेऊ का, की इंजिनच कमी पडतंय?

ट्रान्समवाला
अजिबात घेऊ नको. आधी इंजिनचं मॅन्युअल काढ आणि फुल थ्रॉटलची आरपीएम रेंज बघ, तुझ्या जातीच्या इंजिनाला बहुतेक ५३०० ते ६३०० असेल. तू ४९०० ला म्हणजे रेंजच्याही खाली आहेस, कसारा घाट चौथ्या गिअरमध्ये चढवतोयस. त्यात २१ चा लावलास तर पाचवा टाकल्यासारखं होईल. पिच एक इंच वाढला की साधारण १५० ते २०० आरपीएम पडतो, कमी केला की तेवढाच वर येतो, हे लक्षात ठेव. आणि नुसता स्पीडच कमी मिळत नाही, इंजिन दाबून चालवलं तर तापतं, कार्बन धरतं, पेट्रोलही जास्त पितं.

आता हिशोब. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात लाकडातल्या स्क्रूसारखा किती इंच पुढे सरकला असता ते. पाणी काही लाकूड नाही, ते थोडं निसटतं, त्याला स्लिप म्हणतात. आरपीएम गुणिले पिच, भागिले गिअर रेशो, भागिले १२१५, की नॉटमध्ये आकडा येतो. तुझं ४९०० गुणिले १९, भागिले २.१५, भागिले १२१५ म्हणजे साडेपस्तीसच्या आसपास (मालकाचे ३५ नॉट बहुतेक इथूनच आलेत 😄). पाण्यात मिळतात २७, म्हणजे स्लिप २४ टक्के. अशा बोटीला १०-१५ टक्के चालतं, २४ म्हणजे पिचच्या आधी दुसरं काहीतरी बिघडलंय.

इंजिनची उंची बघ. बोट ट्रॉलीवर घे, किलच्या (बुडाच्या मधल्या कण्याच्या) बाजूने सरळ पट्टी मागे धर आणि पंख्याच्या वरची ती आडवी प्लेट पट्टीच्या किती खाली येते ते मोज.

करंजाचा_नाखवा
सगळं बरोबर पण त्याच्याही आधी बूड बघ रे दादा. मुरिंगला उभी असते म्हणतोस, शेवटचं कधी घासलंस? आमच्याकडे दोन महिन्यात अशा शिंपल्या धरतात की हात फिरवला तर रक्त येईल. तसल्या बुडावर तू सोन्याचा पंखा लाव, काय उपेग नाय.

दुसरं, पंखा काढशील तेव्हा शाफ्टवर तंगूस (मासेमारीची नायलॉन दोरी) गुंडाळलाय का बघ. मांडव्याच्या वाटेवर तुटलेली जाळी, दोरी, प्लास्टिक काय कमी आहे का. तंगूस आत घुसून ऑइल सील कापतो आणि पाणी गिअरमध्ये. खालचा स्क्रू सैल करून थोडं ऑइल काढ, ताकासारखं पांढुरकं आलं तर स्पीड विसर आणि आधी सील बदल. आणि पंख्याला हात लावायच्या आधी चावी काढून खिशात, किल स्विचची (इंजिन झटक्यात बंद करणाऱ्या बटणाची) क्लिप पण काढ. आमच्या गावात एकाची दोन बोटं कमी आहेत, उगाच सांगत नाय.

मांडव्याचा_शनिवार
काल बोट वर घेतली. नाखवा तुम्ही लाज काढलीत, बूड बघून मलाच कसंतरी झालं, एक अख्खी गोणी भरली खरवडून. तंगूस पण निघाला, वॉशरच्या मागे हिरवा गुंता, सुरीने कापून काढला, पण ऑइल स्वच्छ निघालं, सुटलो. प्लेट पट्टीच्या खाली भरते अडीच इंच. एक पातं टोकाला थोडं मुडपलंय.

उथळ_पाणी
मधेच बोलतो. मी चार पात्यांचा स्टेनलेस वापरतोय तीन वर्षं, नाक वर करून रांगणं बंद होतं, लाटेत पकड सोडत नाही, वळताना तर विचारूच नका. ॲल्युमिनियमची पाती जाड असतात आणि जोर आला की वाकतात, तिथेच स्पीड जातो. एकदाच खर्च करा आणि विसरा. टॉपला एखादा नॉट कमी मिळेल, पण आपल्याकडे टॉप स्पीड ठेवून जाणार कुठे, दुपारनंतर वारा सुटला की कंबरडं मोडतं.

ट्रान्समवाला
@उथळ_पाणी चार पात्यांचं कौतुक मान्य, माणसं आणि सामान भरून जाणाऱ्याला तो बराच. पण याला अजून आपली बोट नीट कळलेली नाही, तीन वेळा पिच बदलावा लागला तर स्टेनलेसमध्ये तीन वेळा पैसे घालणार का? शिवाय खडकावर टेकला तर ॲल्युमिनियमचं पातं जातं, स्टेनलेसचं जात नाही, तो दणका मधला रबरी बुश घेईल तेवढा घेईल आणि उरलेला गिअरला. ओहोटीला मांडव्याच्या आसपास फिरणाऱ्याने हे धरून चालावं. स्वस्तात पिच पक्का कर, मग हौस.

@शनिवार, अडीच इंच म्हणजे फारच खोल, गिअरकेस पाण्यात नांगरासारखी ओढतोयस. नवीन भोकं पाडायची गरज नाही, इंजिनच्या ब्रॅकेटलाच एकाखाली एक भोकं असतात, पाऊण इंचाच्या अंतराने. चेनपुलीला इंजिन टांग, वरचे बोल्ट काढ, एक भोक वर घे, मरीन सीलंट भरून कस. एकदम दोन घेऊ नको. पंखा १९ चाच ठेव आणि पळवून आकडे लिही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर फरक कशाने पडला ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. जीपीएसचा स्पीड जाताना आणि येताना असा दोन्हीकडून घे आणि सरासरी काढ, उधाणाच्या दिवसात करंट दीड-दोन नॉट सहज खोटं बोलतो. माणसं आणि पेट्रोल नेहमीइतकंच, एकटा जाऊन रिकामी पळवू नको.

आणि फुल थ्रॉटलची ट्रायल गेटवेच्या समोर, फेरींच्या वाटेत करायची नाही. १८ डिसेंबर २०२४ ला इंजिन ट्रायलवर असलेली नेव्हीची स्पीडबोट नीलकमल फेरीवर आदळली, माणसं गेली. सकाळी लवकर, मोकळ्या पाण्यात, एक माणूस फक्त पुढे बघायला.

मांडव्याचा_शनिवार
दोन रविवार गेले, आता आकडे. बूड साफ आणि इंजिन एक भोक वर, पंखा तोच मुडपलेला १९: ५१५० आणि २९.५ नॉट, म्हणजे एक रुपयाचा पंखा न घेता अडीच नॉट. मग मित्राचा जुना १७ पिच ॲल्युमिनियम मागून आणला आणि आणखी एक भोक वर घेतलं (दोन गोष्टी एकदम बदलल्या, माहितीये, शिव्या घाला). ५६५० आणि ३१ नॉट, स्लिप १६ च्या आत. पाण्यावर चढायला आता निम्मा वेळसुद्धा लागत नाही. पण जोरात वळलो की मागून एकदम इंजिन किंचाळतं, आरपीएम सहा हजारावर जातो आणि बोट ढकलणंच बंद. घाबरून थ्रॉटल सोडला.

ट्रान्समवाला
वरून हवा ओढतोय. लोक त्याला सरसकट कॅव्हिटेशन म्हणतात पण ते वेगळं (त्यात पात्यावर पाण्याचेच वाफेचे बुडबुडे होतात), इथे पंखा पाण्याऐवजी हवेत फिरतोय. वळायच्या आधी ट्रिम (इंजिनचा कल) खाली घेतोस का? बहुतेक नाही. ते करून बघ, तरी किंचाळलं तर मुकाट्याने एक भोक खाली. अर्धा नॉट जाईल, जाऊ दे, बोटीत चार माणसं असतात. इंजिन वर घेतल्यावर थंड करणाऱ्या पाण्याची धार पण नीट पडतेय ना ते दर वेळी बघ.

मांडव्याचा_शनिवार
ट्रिमने थोडा फरक पडला पण पोरं बसली की तेच. शेवटी एक भोक खाली आणलं. १७ वर ५५५०, ३०.५ नॉट, वळताना गप्प. मित्राला त्याचा पंखा परत करून नवा १७ ॲल्युमिनियमचाच घेतला.

करंजाचा_नाखवा
१९ चा भंगारात देऊ नको. पातं ठोकून सरळ कर आणि बोटीत ठेव, नट, वॉशर आणि दोन-चार स्प्लिट पिनांसकट. मधोमध पंखा गेला ना की नट असतो, पिन नसते.

मांडव्याचा_शनिवार
ठेवला. पान्याला दोरी पण बांधली, पहिला पाना कालच पाण्यात गेला.