पुण्यात धायरीत किराणा दुकान टाकायचंय, ६ लाखांत बसवायचंय. सल्ला हवा

धायरीकर_दादा
नमस्कार मंडळी. १४० फ्लॅटच्या सोसायटीच्या गेटसमोर १० बाय २२ फुटांचा गाळा पाहिलाय. भाडं १८ हजार, डिपॉझिट १ लाख. डिपॉझिट धरून एकूण ६ लाख आहेत, कर्ज काढणार नाही. किराणा-भुसार आणि थोडं साबण-बिस्किट. गिऱ्हाइकाने स्वतः माल उचलायचा की जुन्या पद्धतीचं काउंटर? माणसं किती ठेवू? दसऱ्याला उघडायचं मनात आहे. कृपया ६ लाखांच्या आतलंच सांगा.

गल्लेवाला
६ लाखांत हात घालूच नका. निदान १० लाख पाहिजेत. १६ फूट रुंदीचा गाळा घ्या, मधे दुहेरी रॅक टाका, एसी लावा. आमच्याकडे एसी लावल्यापासून गिऱ्हाईक जास्त वेळ थांबतं आणि यादीत नसलेलंही घेतं. आता काउंटरचा जमाना राहिला नाही.

रॅक_जोडणी
त्यांचा गाळा १० फुटी आहे, त्यावर बोलू. दोन्ही भिंतींना १५ इंच खोलीची रॅकं लावली की मधे साडेसात फूट उरतात. त्यात ३० इंचांचं दुहेरी रॅक टाकलं तर दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फुटांची वाट राहते. हातात पिशवी असलेली दोन माणसं त्यातून जात नाहीत, एक वाकलं की दुसरं अडकतं. त्यामुळे मधलं रॅक नको, फक्त भिंतीची रॅकं, उंची ७ फूट. ऑर्डर देताना खालच्या दोन फळ्यांवर तेलाचे डबे आणि १० किलोच्या आट्याच्या पिशव्या येणार हे आधी सांगा, नाहीतर सगळीकडे सारखा पातळ पत्रा येतो आणि वर्षात मधे झोळ पडतो. रॅक भिंतीला बोल्टने पकडून घ्या. काउंटर दाराशी एका बाजूला, ४ बाय २ फूट. सुटा माल आणि मोठा काटा सगळ्यात मागे ठेवा, म्हणजे डाळ घ्यायला आलेलं माणूस साबण-चहा बघत आत जातं.

जमाखर्च
आधी हा हिशेब करा. भाडं १८, एक माणूस १४, वीज ४, किरकोळ २, म्हणजे महिना ३८ हजार. नामांकित कंपन्यांच्या मालावर ८ ते १२ टक्के सुटतात, दुधावर त्याहून बरंच कमी, सुट्या डाळी-मसाल्यावर जास्त. सरासरी १० टक्के धरली तर नुसता खर्च भागवायला ३ लाख ८० हजारांची विक्री लागते, दिवसाला साधारण १२,७००. १४० पैकी ६० घरांनी महिन्याला ४ हजारांचा माल घेतला तरी २ लाख ४० हजारच होतात. उरलेलं रस्त्यावरच्या गिऱ्हाइकातून यायला हवं. तेव्हा संध्याकाळी ६ ते ९ गेटसमोर उभं राहून घरपोच डिलिव्हरीच्या किती पिशव्या आत जातात ते मोजा.

आणि दिवसाला सरासरी ११ हजारांच्या पुढे गेलात की वर्षाचे ४० लाख होतात, तिथे जीएसटी नोंदणी लागते. मग कंपोझिशन (विक्रीवर ठरावीक दराने कर भरायची योजना) घ्या, करपात्र विक्रीवर १ टक्का. तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही, हे धरूनच भाव लावा.

गल्लेवाला
म्हणूनच म्हणतो, मोठं दुकान करा.

भुसार_मार्केट_यार्ड
६ लाखांत बसतं. डिपॉझिट १ लाख. रॅक, काउंटर, दिवे, पाटी मिळून १ लाख १० हजार. काटे, कॉम्प्युटर, बिलिंग, स्कॅनर ६० हजार. माल सव्वादोन लाख. १ लाख बँकेत, त्याला हात लावायचा नाही. नवं दुकान बुडतं ते रॅक रिकामं दिसू नये म्हणून एका वस्तूचे दहा ब्रँड भरल्याने. शाम्पूचे तीन आणि टूथपेस्टचे चार ब्रँड पुरे. सेल्समन १२ वर १ फुकट म्हणून सांगेल. ते १२ नग महिन्यात खपणार असतील तरच घ्या.

भुसार मालात तूरडाळ, तांदूळ, साखर, शेंगदाणे यांचे कट्टे आठवड्याच्या खपाइतकेच आणा. गुलटेकडीला, म्हणजे मार्केट यार्डात, फेरी मारायची तर हमाली आणि टेम्पो किलोवर पसरून मगच स्वस्त की महाग ते ठरवा. पावसाळ्यात रवा, मैदा, बेसन आठ दिवसांपुरतंच. ओलाव्याने जाळी धरते, अळ्या होतात. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब. गूळ पाझरतो, वजन घटतं, तेव्हा त्याची घट भावात धरलेली असू द्या. जुना माल पुढे, नवा मागे. डिस्ट्रिब्युटर तारीख उलटलेला माल बदलून देतो का ते पहिल्या ऑर्डरआधी विचारा. होलसेलमधून रोखीने उचललेला माल परत जात नाही.

नवलाई_स्टोअर्स
सुटं कशाला? फावल्या वेळात अर्धा-एक किलोच्या पिशव्या भरून, नाव छापून ठेवा. पटापट जातात आणि दिसतात छान.

काटा_पावती
ताई, हे तितकं सोपं नाही. आधीच भरून ठेवलेली, लेबल लावलेली पिशवी म्हणजे वैधमापनशास्त्राच्या (वजन-मापांच्या कायद्याच्या) नियमांत पॅकर म्हणून नोंदणी, आणि पिशवीवर नाव-पत्ता, निव्वळ वजन, छापील किंमत, पॅकिंगचा महिना-वर्ष, तक्रारीचा फोन हे सगळं आलं. वर १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या अशा धान्य-डाळीवर ५ टक्के जीएसटी आहे. समोर मोजून दिलेल्या सुट्या डाळीवर नाही.

काट्याबद्दल कुणीच बोललं नाही. ३० किलोचा काटा ५ ग्रॅमच्या टप्प्याचा असतो आणि त्याची किमान मर्यादा १०० ग्रॅम. त्यावर १० ग्रॅम वेलची मोजली तर गिऱ्हाईक तरी बुडतं, नाहीतर तुम्ही. मसाल्यासाठी अर्धा ग्रॅम किंवा त्याहून बारीक टप्प्याचा छोटा काटा वेगळा घ्या. दोन्हींना दरवर्षी पडताळणीचा शिक्का लागतो, प्रमाणपत्र दिसेल असं लावा.

नवलाई_स्टोअर्स
आमच्या भागात सगळेच पिशव्या भरतात.

काटा_पावती
तपासणीला माणूस आला की दंड तुमच्याच दुकानाला होतो, सगळ्यांना मिळून नाही.

शटर_साडेसहा
माणसाबद्दल. दुकान सकाळी ७ ते रात्री १० चालवणार असाल तर एक माणूस पुरत नाही. एकाच माणसाला १५ तास उभं करू नका, मधे विश्रांती आणि आठवड्याची सुट्टी द्या. गर्दी सकाळी दुधाची आणि संध्याकाळी ६ नंतरची. संध्याकाळी ५ ते ९ जवळपास राहणारी एखादी बाई ठेवा. तिला रात्री उशिरापर्यंत थांबवू नका. गल्ला आणि मालाची मोजणी एकाच माणसाकडे देऊ नका. रोज बंद करताना रोकड, यूपीआय आणि उधारी तीन वेगळ्या ओळींत लिहा, नाहीतर तूट कुठून आली ते कळत नाही. एवढ्या लहान दुकानाला शॉप ॲक्टखाली नोंदणी नाही, ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची. पाटी मात्र देवनागरीत आणि इतर लिपीपेक्षा लहान अक्षरांत नको.

गल्लेवाला
उधारी द्यायचीच नाही, विषय संपला.

शटर_साडेसहा
सोसायटीसमोर असं चालत नाही. घरटी मर्यादा ठरवा, १ हजार म्हणा, आणि मागची चुकती झाल्याशिवाय नवी नाही. हे पहिल्या महिन्यातच सांगितलं तर कुणाला राग येत नाही.

नवलाई_स्टोअर्स
आइस्क्रीमचा फ्रीझर नक्की ठेवा, कंपनी डिपॉझिटवर देते. आणि दसरा सोडू नका, मुहूर्ताला लोक येतात.

भुसार_मार्केट_यार्ड
दसऱ्याला +१. फ्रीझर नको. बाकी दोन काट्यांचं वर आलंच आहे, तेच मीही सांगतो.

धायरीकर_दादा
सगळ्यांचे मनापासून आभार. जमाखर्च यांच्या सांगण्यावरून गेटवर उभा राहिलो, गाळा घ्यायचं पक्कं केलंय. रॅकं भिंतीलाच, सुटा माल मागे, दोन काटे, फ्रीझर नाही. पण दोन गोष्टी तुमच्याविरुद्ध करतोय. पहिले तीन महिने नोकर नाही, मी आणि बायको. आणि दसऱ्याला नाही, दिवाळी झाल्यावर येणाऱ्या १ तारखेला उघडणार. दिवाळीच्या फराळाचा माल लोक ओळखीच्या दुकानातूनच भरतात. माझ्याकडे उरलेला रवा-मैदा आणि अडकलेले पैसे राहतील. महिन्याच्या सुरुवातीला लोकांच्या हातात पगार असतो आणि यादीही नवी असते.

नवलाई_स्टोअर्स
वर्षातला सगळ्यात मोठा महिना हातचा घालवताय, मला नाही पटत.

जमाखर्च
भाडं कोणत्या तारखेपासून सुरू होतं ते करारात लिहून घ्या, रॅकं बसवायचे दिवस बिनभाड्याचे मागा. ३६ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करा. १८ हजार भाडं आणि १ लाख डिपॉझिटवर स्टँप ड्युटी साधारण १,७०० येते, नोंदणी फी १ हजार वेगळी. लॉक-इन (करार मोडता येत नाही तो काळ) दोन्ही बाजूंना सारखं ठेवा आणि मीटर व्यापारी जोडणीचं आहे का ते सही करण्याआधी बघा.

धायरीकर_दादा
मीटर घरगुती निघालं. मालकाला आधी बदलून द्यायला सांगितलंय, टोकन त्यानंतरच देणार.